बँडचा गणवेश कोणासाठी?



प्रजासत्ताक दिनाची सकाळ आठवा. जळगावचे किंवा धुळ्याचे पोलीस कवायत मैदान डोळ्यांसमोर आणा. झेंडा फडकतो, राष्ट्रगीत होते आणि संचलन सुरू होते. पथकाच्या पुढे शाळेचा बँड असतो. बिगूल वाजतो, ढोलावर टोला पडतो आणि शेकडो पावले एका तालात पडू लागतात. तेवढ्यात प्रेक्षकांतून कोणीतरी म्हणतो, "अरे, या शाळेने बँडचे कपडे बदलले वाटतं! मागच्या वर्षी निळे होते ना?" शेजारचा म्हणतो, "पैसा जास्त झाला असेल!" तिसरा म्हणतो, "जुनेच बरे होते. त्यांत शान होती."

तिघेही आपापले मत सांगून मोकळे होतात. पण जो मुलगा गळ्यात ढोल अडकवून चालला आहे, त्याला कोणी काही विचारत नाही. कपडे तर तोच घालतो! म्हणून आज आपण त्याच्या बाजूने विचार करू. बँडचा गणवेश का बदलतो? तो बदलावा का? आणि बदलायचा तर कोणासाठी?

आधी शब्द पाहू. गण म्हणजे समूह आणि वेश म्हणजे पोशाख. समूहाचा पोशाख तो गणवेश. तुम्ही घरी त्याला 'वर्दी' म्हणता. मराठीतही हा शब्द आहे, पण त्याचा एक अर्थ 'खबर' असाही आहे. 'पोलिसांत वर्दी दिली' म्हणजे खबर दिली. मला हे दोन्ही अर्थ एकमेकांना शोभणारे वाटतात. अंगावरची वर्दीही एक खबरच देते. हा कोण आहे, कोणाचा आहे आणि काय काम करतो, हे ती न बोलता सांगते.

ढोल वाजवणाऱ्याचा पोशाख मुळात शोभेसाठी नव्हता. जुन्या काळी रणांगणावर ढोल आणि बिगूल यांच्या आवाजावर सैन्य चालत असे. पुढे जा, थांबा, मागे फिरा, हे हुकूम सैनिकांना वाद्यांतून कळत. म्हणून ढोल वाजवणारा अधिकाऱ्याला पटकन दिसणे गरजेचे होते. इंग्रजांच्या अनेक पलटणींत शिपायांचा कोट लाल असे, तर ढोलवाल्याचा कोट वेगळ्या रंगाचा असे. पण जो आपल्या अधिकाऱ्याला दिसतो, तो शत्रूलाही दिसतो! ढोलवाला पडला की हुकूम थांबतो, हे शत्रूला ठाऊक होते. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ही उलट्या रंगांची पद्धत मागे पडली. माणसाचा जीव वाचावा म्हणून पोशाख बदलला.

लाल कोटाचेही तेच झाले. १८४६ साली पेशावर येथे हॅरी लम्सडेन या इंग्रज अधिकाऱ्याने 'गाइड्स' नावाची पलटण उभी केली. डोंगराळ, उजाड मुलखात लाल रंग दुरून दिसतो आणि जाड कपड्यात जीव घाबरा होतो, हे त्याने ओळखले. त्याने आपल्या शिपायांना सैल, मातकट रंगाचे कपडे दिले. त्या रंगाचे नाव तुम्हांला माझ्यापेक्षा चांगले समजेल. 'खाक' म्हणजे धूळ, माती. त्यावरून 'खाकी'. हा रंग पुढे जगभर गेला. पाहा, गणवेशाच्या इतिहासातला एक मोठा बदल आपल्याच भूमीत, ऊन आणि धूळ पाहून झाला.

आता ऊन आणि धूळ म्हटले की आपला खानदेश आलाच. जळगाव, भुसावळ, धुळे येथे मे महिन्यात काय होते ते मी तुम्हांला सांगायला नको. जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या वर चढतो. दुपारी रस्ते ओस पडतात. कावळासुद्धा सावली सोडत नाही. पण याच दिवसांत लग्नसराई असते. आखाजीच्या आसपास तर बँडवाल्यांना श्वास घ्यायलाही वेळ नसतो. एक सुपारी संपली की दुसरी तयार.

मित्रांनो, वरातीत आपण काय पाहतो? नवरदेव पाहतो, घोडा पाहतो, नाचणारे पाहतो. बँडवाल्याकडे मात्र आपण फक्त कानाने पाहतो. एकदा डोळ्यांनी पाहा. त्याच्या अंगात लाल किंवा निळा जाड कोट असतो. गळ्यापर्यंत बटणे, खांद्यांवर सोनेरी झुबके, छातीवर जरीच्या दोऱ्या, डोक्यावर तुऱ्याची टोपी. हा सारा थाट जुन्या पलटणींच्या पोशाखावरून आलेला आहे. तो थंड देशातल्या सैनिकासाठी बेतलेला होता. मे महिन्यात धुळ्याच्या आग्रा रोडवरून दोन-दोन तास ताशा बडवत चालणाऱ्या माणसासाठी नव्हे!

आणखी एक गोष्ट. तो कोट पुष्कळदा त्या माणसाचा नसतो. बँडमध्ये बरेच वादक हंगामापुरते येतात. हंगाम संपला की कोणी शेतात जातो, कोणी हमाली करतो. कोट मालकाच्या पेटीत राहतो. पुढच्या वर्षी तोच कोट दुसऱ्याच्या अंगावर चढतो. त्यामुळे कोणाच्या बाह्या कोपरापर्यंत येतात, तर कोणाचे खांदे खाली लोंबतात. लोक हसतात आणि म्हणतात, "काय बँडवाल्यासारखा दिसतोस!" मापात न बसणाऱ्या कपड्याची थट्टा शेवटी माणसाची थट्टा होते. मला हे नेहमी खटकत आले आहे.

यातली गंमत म्हणा की खेद म्हणा, आपला मुलूख कापसाचा. एकेकाळी जळगावच्या खानदेश मिलमधून आणि धुळ्याच्या प्रताप मिलमधून कापड निघत असे. त्या गिरण्या बंद पडल्या, पण कपाशी आजही आपल्या शेतांत फुलते. अशा मुलखात वादकाने उन्हाळ्यात घाम न शोषणारे टेरिकॉट का घालावे? हल्ली काही बँड जाड कोट सोडून हलका सदरा, जाकीट आणि फेटा घालतात. कोणी म्हणेल, "हे बँडवाले वाटतच नाहीत!" मी म्हणेन, "माणसे वाटतात ना? मग पुष्कळ झाले."

सगळेच बदल उन्हासाठी होत नाहीत, हेही खरे. धंद्याचीही कारणे असतात. डीजे आल्यापासून बँडवाल्यांच्या पोटावर पाय आला आहे. अनेक बँडांनी आता ध्वनिवर्धक लावलेली सजवलेली गाडी बरोबर घेतली आहे. गिऱ्हाइकाचे लक्ष वेधायला नवा, चमकदार पोशाख शिवला जातो. पोटासाठी केलेल्या या बदलाला मी नावे ठेवणार नाही. पण त्यातही वादकाच्या सोयीचा विचार झाला, तर पोशाख डोळ्यांत भरेल आणि अंगालाही सोसेल.

आता तुमच्या शाळेच्या बँडकडे येऊ. इथे कारणे निराळी असतात. पहिले कारण म्हणजे तुम्ही वाढता! आठवीत घेतलेला कोट दहावीत अंगात शिरत नाही. ढोलाचा पट्टा खांद्यावरून जातो. कोट काखेत घट्ट असला, तर हात उचलताना शिवण उसवते आणि ताल चुकतो. दुसरे कारण म्हणजे मुली. पूर्वी अनेक शाळांच्या बँडमध्ये मुलगेच असत, आणि कपडे मुलग्यांच्या मापाने बेतलेले. आता मुलीही ढोल-ताशा वाजवतात. २०२४ च्या प्रजासत्ताक दिनी दिल्लीच्या कर्तव्यपथावर संचलनाची सुरुवात शंभर महिला कलाकारांनी भारतीय वाद्ये वाजवून केली, हे तुम्ही दूरदर्शनवर पाहिले असेल. मग एखादी मुलगी म्हणाली, "सर, मला सलवार-कमीज घालून आणि डोके झाकून वाजवायचे आहे," तर गणवेशात तेवढी जागा असायला नको का? पोशाखासाठी वादक सोडायचा, की वादकासाठी पोशाख सैल करायचा? माझे उत्तर स्पष्ट आहे. ताल हाताने धरला जातो, टोपीने नव्हे.

परंतु बदलाचाही अतिरेक होतो. अमेरिकेत 'ड्रम कोअर' नावाची तरुणांची मोठी वाद्यपथके आहेत. १९७२ पासून त्यांची राष्ट्रीय पातळीवरची स्पर्धा होते. पूर्वी त्यांचे पोशाख सैनिकी थाटाचे असत. उंच टोपी, तिच्यावर तुरा, छातीवर पट्टे. आता ही मुले वाजवता वाजवता धावतात, वाकतात, नाचतात. म्हणून अनेक पथकांनी ताणले जाणारे, अंगाबरोबर हलणारे कपडे घेतले. इथपर्यंत ठीक आहे. पण कित्येक पथके दर वर्षी नव्या कार्यक्रमासाठी नवा पोशाख करतात. जुने चाहते म्हणतात, "आता पथक ओळखूच येत नाही." त्यांचे म्हणणे मला अगदीच चुकीचे वाटत नाही. दर वर्षी खबर बदलली, तर तिच्यावर विश्वास कोण ठेवील?

आणि खर्चाचे काय? आपल्याकडे हा प्रश्न सर्वांत मोठा आहे. बँडचा नवा पोशाख ठरला, की वर्गात सूचना येते, "अमुक रक्कम सोमवारपर्यंत आणा." ज्याचे वडील रोजंदारीवर जातात किंवा हातगाडी लावतात, तो मुलगा सोमवारी गप्प बसतो. मंगळवारी म्हणतो, "सर, माझा हात दुखतो. मी बँडमध्ये नाही." हात दुखत नसतो. दुखत असते ते दुसरेच. असा एकही वादक पोशाखापायी गळाला, तर तो नवा पोशाख कितीही सुंदर असो, महागच पडला म्हणायचे.

वरून ठरवलेला बदल कसा अडखळतो, याचे उदाहरण नुकतेच आपण पाहिले. २०२४-२५ या वर्षी महाराष्ट्र शासनाने सरकारी आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांसाठी राज्यभर एकसारखा गणवेश ठरवला. मुलांना तो मोफत मिळणार होता. शिलाईचे काम महिला बचत गटांना दिले. हेतू चांगला होता. पण अनेक ठिकाणी कपडे उशिरा आले, मापात बसले नाहीत, अशा तक्रारी झाल्या. पुढच्या वर्षापासून हे काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे सोपवण्यात आले. यातून काय शिकायचे? माप घ्यायला माणसाजवळ जावे लागते. दुरून माप घेता येत नाही.

मग जुन्या पोशाखाला काही किंमतच नाही का? आहे, निश्चित आहे. तुर्कस्तानात जानिसारी सैन्याचा 'मेहतर' नावाचा प्रसिद्ध बँड होता. १८२६ साली सुलतान महमूद दुसरा याने ते सैन्य मोडले. नव्या फौजेला युरोपी धर्तीचा पोशाख आणि युरोपी धर्तीचा बँड मिळाला. जुना बँड थांबला. पण विसाव्या शतकात तो पुन्हा उभा राहिला आणि आज इस्तंबूलच्या लष्करी संग्रहालयात वादक जुनाच रंगीत पोशाख घालून वाजवतात. म्हणजे बदल करणे याचा अर्थ आठवण पुसणे असा नाही. तुमच्या शाळेच्या बँडचा एक जुना कोट कपाटात नीट जपून ठेवा. त्यावर साल लिहा. तो कोट घालून कोणीतरी पहिल्यांदा मैदानात उतरला होता, हे पुढच्या मुलांना कळू द्या.

माझे म्हणणे थोडक्यात असे. गणवेश बदलणे पाप नाही आणि न बदलणे हे पुण्य नाही. बदलण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत. हा पोशाख घालणाऱ्याला सोसतो का? यामुळे कोणी बाहेर राहतो का? आणि हा पाहून आपले लोक आपल्याला ओळखतील का? तिन्ही उत्तरे नीट मिळाली, तर खुशाल बदला. आणि हे प्रश्न पाहुण्यांना किंवा दुकानदाराला विचारू नका. बँडमधल्या सर्वांत लहान ढोलवाल्याला आधी विचारा.

उद्या तुमच्यांतले कोणी शिक्षक होतील, कोणी शिंपी होतील, कोणी शाळेच्या समितीवर जातील. कोणी स्वतः बँड चालवतील. तेव्हा ही गोष्ट विसरू नका. पण आजही तुम्हांला एक काम करता येईल. या उन्हाळ्यात घराजवळून वरात गेली, तर घरातून थंड पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर या. नवरदेवाला सरबत देणारे पुष्कळ असतात. तुम्ही त्या जाड कोटातल्या ताशेवाल्याला पाणी द्या. तो कोट त्याचा नसेल, पण तहान त्याचीच असते.