वारसा संपत्तीचा, तसाच अभावाचाही

अज्ञान मुलाच्या नावे बँकेत ठेव असली, तरी तिचे व्याज काही अपवाद वगळता पालकांच्याच उत्पन्नात धरले जाते. मुलाची संपत्ती ही वस्तुतः घराची संपत्ती, हे प्राप्तिकर कायद्याने केव्हाच मान्य केले आहे. दारिद्र्यालाही हाच न्याय लागू पडतो. मात्र त्याची नोंद कोणत्याही विवरणपत्रात होत नाही.

ती होते बालकाच्या शरीरावर. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील सर्वांत गरीब पाचव्या हिश्शातील कुटुंबांत पाच वर्षांखालील ४६ टक्के बालकांची उंची वयाच्या मानाने खुंटलेली होती. सर्वांत सधन हिश्शात हे प्रमाण २३ टक्के होते. आईचे पोषण, तिचे शिक्षण, घरातील पाणी व स्वच्छता यांचा हा हिशेब आहे. शाळेचा उंबरठा ओलांडण्यापूर्वीच शर्यतीची सुरुवात विषम झालेली असते.

ही दरी बुजविण्याचे दोन मार्ग होते. पहिला, वारशावरील कराचा. १९५३ मध्ये आलेला मालमत्ता शुल्क कायदा १९८५ मध्ये गुंडाळला गेला. खर्च व कटकटींच्या मानाने वसुली तुटपुंजी, हे त्याचे कारण. २०१५ च्या अर्थसंकल्पाने संपत्ती करही रद्द केला.

दुसरा मार्ग शिक्षणाचा. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने खासगी शाळांतील प्रवेशस्तरावरील २५ टक्के जागा वंचित व दुर्बल घटकांना दिल्या. महाराष्ट्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये, एक किलोमीटरच्या परिसरात सरकारी वा अनुदानित शाळा असल्यास खासगी विनाअनुदानित शाळांना यातून सूट दिली. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये ती रद्द ठरविली. गरिबांची मुले गरिबांच्याच शाळेत, ही वाट तूर्त बंद झाली.

तथापि या कायद्याचे कवच ६ ते १४ या वयापुरतेच आहे. त्याआधीच्या वर्षांचे शिक्षण घटनेच्या ४५ व्या अनुच्छेदात केवळ मार्गदर्शक तत्त्व म्हणून उरते. आठवीनंतर तर खासगी शाळेच्या शुल्काचा प्रश्न पुन्हा घरातच येऊन थांबतो. म्हणजे जिथे नुकसान सुरू होते तिथे हक्क नाही, आणि जिथे संधी खुणावते तिथे तो संपतो. वारशावर कर नको असेल, तर निदान अंगणवाडीपासून बारावीपर्यंतचा भार शासनाने उचलावा. अन्यथा आईबापांची मिळकत हेच मुलांचे प्रगतिपुस्तक ठरेल.