भीती मेंदूची, चूक मापाची

‘तापात बाळाला पॅरासिटामॉल देऊ नका, मेंदूवर परिणाम होतो, ऑटिझम होतो.’ हा मेसेज तुमच्याही फॅमिली ग्रुपवर आला असेल. २२ सप्टेंबर २०२५ला ट्रम्प यांनी गरोदर बायकांना टायलेनॉल, म्हणजे आपलं पॅरासिटामॉलच, टाळायला सांगितलं. रोख मुख्यतः गरोदरपणावर होता. फॉरवर्ड होता होता तो सगळा बाळाच्या सिरपवर आला.

मला या भीतीचा राग येतो, कारण तिचा रोख दर वेळी आईवरच असतो. औषध दिलं नाही तर ती निष्काळजी, दिलं तर मुलाचा मेंदू बिघडवणारी.

स्वीडनमध्ये १९९५ ते २०१९ दरम्यान जन्मलेल्या सुमारे २४ लाख ८० हजार मुलांचा अभ्यास २०२४मध्ये प्रसिद्ध झाला. गरोदरपणी औषध घेतलेल्या आणि न घेतलेल्या आयांच्या मुलांत किंचित फरक दिसला. पण सख्ख्या भावंडांची तुलना केली, एकाच्या वेळी आईने औषध घेतलेलं आणि दुसऱ्याच्या वेळी नाही, तेव्हा तो फरक उरलाच नाही. जन्मानंतरच्या डोसबद्दल बोलतानाही हे लक्षात ठेवा: जास्त आजारी पडणाऱ्या मुलालाच जास्त औषध मिळतं. पुढे काही त्रास दिसला तर दोष आजाराचा की औषधाचा, हे नुसत्या आकड्यांवरून कसं ठरवणार?

मेंदूचीच काळजी असेल तर अ‍ॅस्पिरिनबद्दल बोला. फ्लू किंवा कांजिण्यांत मुलांना ते दिलं तर क्वचित रे सिंड्रोम होतो. मेंदूला सूज येते, यकृत बिघडतं. निमेसुलाइडवर बारा वर्षांखालच्या मुलांसाठी भारतात २०११पासून बंदी आहे. याचे फॉरवर्ड कधी आले?

पॅरासिटामॉलचा खरा धोका यकृताला आहे, आणि तो मापात आहे. डोस वजनावर ठरतो: किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम. दहा किलोच्या बाळाला १०० ते १५०. आता दुकानात बघा. एका सिरपच्या ५ मिलीत १२० किंवा १२५ मिलिग्रॅम, दुसऱ्याच्या ५ मिलीत २५०, आणि ड्रॉप्सच्या एकाच मिलीत १००. बाटल्या सारख्या, आकडे बारीक अक्षरांत. वर सर्दीच्या मिश्र सिरपमध्येही पॅरासिटामॉल असतं, म्हणजे नकळत दोनदा जातं. आणि माप कशाने? घरातल्या चमच्याने.

हा दोष आईचा नाही. ताकदीचा आकडा बाटलीवर ठळक छापणं कंपनीचं काम आहे, आणि बाळाचं वजन विचारल्याशिवाय बाटली न देणं केमिस्टचं. विचारत नसेल तर तुम्ही विचारायला लावा. बाटलीसोबतचंच माप वापरा, दोन डोसांत चार ते सहा तास जाऊ द्या, दिवसात चारपेक्षा जास्त वेळा देऊ नका. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप आला तर आधी डॉक्टर गाठा.

पुढच्या वेळी तो मेसेज आला, की खाली एवढंच विचारा: ‘बाळाचं वजन किती, आणि बाटलीवर किती मिलिग्रॅम लिहिलंय?’