शहाद्याची कविता आणि समीक्षेचा सातबारा (थ्रेड)

साहित्य कशाला म्हणावे, हा प्रश्न वरवर निरुपद्रवी वाटतो. नंदुरबार जिल्ह्यात मात्र तो जमिनीच्या प्रश्नाइतकाच राजकीय ठरला.

साल १९७२. शहादा तेव्हा धुळे जिल्ह्यात होते. नंदुरबार जिल्हा झाला तो १९९८ मध्ये. कर्जापायी जमीन गमावलेले अनेक भिल्ल बड्या शेतकऱ्यांच्या शेतांत सालदार म्हणून राबत होते. अंबरसिंग महाराजांनी केलेल्या जागृतीला बाहेरून आलेल्या सुशिक्षित तरुणांची जोड मिळाली आणि श्रमिक संघटना उभी राहिली. गेलेल्या जमिनी, मजुरी, दारूचे गुत्ते अशा अनेक आघाड्यांवर लढा झाला. स्त्रिया त्यात अग्रभागी होत्या.

याच चळवळीत वाहरू सोनवणे हे भिल्ल कार्यकर्ते कवी म्हणून घडले. ‘गोधड’ हा त्यांचा संग्रह आणि ‘स्टेज’ ही त्यातील सर्वाधिक गाजलेली कविता.

समीक्षेने तिला ‘चळवळीची कविता’ म्हटले. शिक्का खोटा नाही, पण सोयीचा आहे. व्यासपीठावर कोण बसते, खाली कोण बसते आणि कोणाचे दुःख कोण सांगते, हा त्या कवितेचा विषय. हा प्रश्न जमीनदाराला तर लागू होतोच. पण आदिवासींच्या वतीने बोलणाऱ्या पुढाऱ्यालाही तो सोडत नाही. चळवळीतून आलेली कविता चळवळीचीच झाडाझडती घेते, आणि ‘प्रचारकी’ की ‘कलात्मक’ या जुन्या वादात नेमके हेच निसटते. प्रचारकी कविता आपल्याच माणसांना अडचणीत आणत नसते.

पुढचा टप्पा १९९० चा. पालघर येथील पाचव्या आदिवासी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून सोनवण्यांनी मूळ व्याख्येलाच हात घातला. लिहिलेले तेवढेच साहित्य मानले, तर पिढ्यान्‌पिढ्या गात, सांगत आलेला समाज साहित्यहीन ठरतो. ही व्याख्या केली कोणी? लेखणी ज्यांच्या हाती होती त्यांनीच.

येथे शहाद्याचा इतिहास पुन्हा आठवावा. जमीन गेली ती कागदावर. कसणारा एक आणि उताऱ्यावर नाव दुसऱ्याचे. साहित्याच्या दप्तरातही असाच फेरफार झालेला दिसतो. अक्कलकुव्याजवळच्या काठीच्या होळीला रात्रभर चालणारी गाणी ‘लोकसाहित्य’ या खात्यात नोंदली जातात. त्या खात्यात संकलकाचे नाव असते, रचणाऱ्याचे बहुधा नसते.

यावर एक आक्षेप रास्त आहे. सगळेच साहित्य मानले तर चांगले-वाईट ठरवायचे कसे? ठरवावे लागेलच, ते टाळणे ही सहानुभूती झाली, समीक्षा नव्हे. मात्र त्यासाठी ती गाणी ज्या भाषेत आहेत ती भिलोरी समीक्षकाला यायला हवी. पॅरिसच्या सिद्धान्तकारांचे दाखले देणाऱ्या मराठी समीक्षेला सातपुड्याचा पायथा तसा फार लांब नाही.