योरुबाला शाळाबंदी
नायजेरियातील योरुबा लोकांच्या ओशुन-ओशोग्बो देवराईला २००५ साली जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली. असा वारसा राज्यकर्त्यांना मानवतो. त्याने कोणाची मिरासदारी मोडत नाही. भाषेचे तसे नाही. १९७० साली इफे विद्यापीठात बाबाटुंडे फाफुन्वा यांनी प्राथमिक शिक्षणाची सहाही वर्षे योरुबातून देण्याचा प्रयोग आरंभिला. इंग्रजी हा केवळ एक विषय. ती मुले इंग्रजीतही सरस ठरली! तरी प्रयोग प्रयोगच राहिला. २०२२ साली मातृभाषेचे धोरण आले खरे. परंतु नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्र सरकारने परीक्षांतील अपयशाचे खापर मातृभाषेवर फोडून ते गुंडाळले. बाजारात बसणाऱ्या बाईचे मूल आता बालवर्गातच मुके होणार. योरुबाभाषक राज्यांनी हा निर्णय धुडकावून फाफुन्वांचा प्रयोग सरकारी शाळांत पुन्हा सुरू केला पाहिजे.