विश्लेषण : घरच्या स्टुडिओसाठी मॅक, विंडोज की लिनक्स? नागपुरात आधी कूलरचा विचार का करावा?

गाणे करायचे म्हणजे स्टुडिओचे भाडे भरायचेच, असे दिवस आता राहिलेले नाहीत. इंदोऱ्यातल्या एखाद्या घरात धम्मचक्र प्रवर्तन दिनासाठी भीमगीत तयार होते, महालात गणपतीचे गाणे बसवले जाते, तर हिंगणा मार्गावरच्या वसतिगृहाच्या खोलीत वऱ्हाडी रॅपचे रेकॉर्डिंग चालते. एक संगणक, एक माइक, एक हेडफोन आणि यूट्यूबवरचे खाते एवढ्यावर काम सुरू होते. मात्र त्याआधीच अनेकांची गाडी एका प्रश्नावर अडते : मॅक घ्यायचा की विंडोज? सव्वा लाखाचा लॅपटॉप बिनव्याजी हप्त्यांवर घेतला, तरी दोन वर्षे दरमहा पाच हजारांहून अधिक रुपये जातात. मग माइक स्वस्तातला येतो, हेडफोन मोबाइलसोबत मिळालेला वापरला जातो आणि खोलीकडे कुणी पाहतच नाही. संगणकाचा प्रश्न सर्वात आधी विचारला जातो. खरे तर तो सर्वात शेवटी विचारायला हवा.

स्टुडिओत मॅकच का दिसतो?

याचे कारण बरेचसे ऐतिहासिक आहे. व्यावसायिक स्टुडिओंमध्ये रुजलेले ‘प्रो टूल्स’ १९९१ मध्ये आले तेव्हा ते मॅकवरच चालत असे. स्टुडिओंनी मॅक घेतले, अभियंते मॅकवर शिकले आणि शिकलेल्यांनी पुढच्यांना तेच सांगितले. मात्र मॅक हे काही संगीताचे एकमेव घर नव्हते. १९८५ च्या अटारी एसटी संगणकात मिडी जोडण्याची सोय मुळातच होती आणि ‘क्युबेस’ १९८९ मध्ये त्याच यंत्रावर सुरू झाले. ‘लॉजिक’ बनवणारी ईमॅजिक ही जर्मन कंपनी ॲपलने २००२ मध्ये विकत घेतली आणि त्याची विंडोज आवृत्ती बंद केली. तेव्हापासून लॉजिक हवे तर मॅक हवाच, हे समीकरण पक्के झाले. दुसरीकडे ‘एफएल स्टुडिओ’ १९९७ पासून विंडोजवर वाढले. मॅकवर ते अधिकृतपणे आले २०१८ मध्ये. आज प्रो टूल्स, क्युबेस, एबलटन लाइव्ह, एफएल स्टुडिओ आणि रीपर ही सगळी दोन्हीकडे चालतात. म्हणजे ज्या कारणाने स्टुडिओंनी मॅक घेतला, ते कारण घरी काम करणाऱ्यासाठी जवळपास संपले आहे.

मॅकवर आवाज खरेच चांगला येतो का?

नाही. हा सर्वात महागडा गैरसमज आहे. आवाजाचे आकड्यांत रूपांतर संगणक करत नाही. ते काम ऑडिओ इंटरफेस करतो, म्हणजे माइकची वायर ज्यात जाते ती छोटी पेटी. त्यानंतर सॉफ्टवेअर करते ती गणिते. तोच ट्रॅक, तेच प्लगइन आणि त्याच सेटिंग्ज असतील तर मिक्स मॅकवर केले काय किंवा विंडोजवर केले काय, ऐकू येईल असा फरक पडत नाही. तबल्याची थाप दबकी येत असेल, तर दोष माइक कुठे ठेवला याचा किंवा खोलीतल्या उघड्या भिंतींचा असतो. तो एक लाखाच्या यंत्राने दुरुस्त होत नाही; गादी, रजई आणि पुस्तकांनी भरलेल्या कपाटाने मात्र बराच होतो.

मग फरक पडतो कुठे?

फरक पडतो तो विलंबात आणि निर्धोक चालण्यात. गायक माइकसमोर गातो आणि स्वतःचा आवाज हेडफोनमध्ये ऐकतो. संगणक आवाज छोट्या छोट्या घासांत घेतो. या घासाला ‘बफर’ म्हणतात. सेकंदाला ४८ हजार नमुने घेताना १२८ नमुन्यांचा बफर म्हणजे सुमारे २.७ मिलिसेकंद, ५१२ चा म्हणजे १०.७ आणि १०२४ चा म्हणजे २१.३ मिलिसेकंद. आवाज हवेत एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटिमीटर जातो. म्हणजे १० मिलिसेकंदांचा विलंब हा साथीदार साडेतीन मीटरवर बसल्यासारखा. तो चालतो. पण आत येताना एकदा आणि बाहेर जाताना एकदा, असा बफर दोनदा मोजावा लागतो आणि त्यात इंटरफेसचा वेळही मिळतो. ही बेरीज तीस-चाळीस मिलिसेकंदांवर गेली की गायकाची लय घसरते.

मॅकमध्ये आवाजाची ‘कोअर ऑडिओ’ ही व्यवस्था मुळातच असते. इंटरफेस जोडला की बहुतेक वेळा काम सुरू. विंडोजमध्ये आवाज एरवी अनेक थर ओलांडून जातो. ते थर टाळण्यासाठी स्टाइनबर्ग कंपनीने आणलेला ‘एएसआयओ’ हा मार्ग वापरावा लागतो आणि त्याचा ड्रायव्हर इंटरफेस बनवणारी कंपनी देते. तो ड्रायव्हर चांगला असेल तर विंडोज मॅकच्या बरोबरीने चालते. वाईट असेल तर रेकॉर्डिंगमध्ये टकटक आणि चरचर येते. म्हणून विंडोजवाल्याने प्रोसेसरच्या आकड्यांइतकाच वेळ इंटरफेसच्या ड्रायव्हरची चौकशी करण्यात घालवावा. स्नॅपड्रॅगन प्रोसेसरवर चालणारे विंडोज लॅपटॉप घेताना तर ही चौकशी अनिवार्यच, कारण अनेक जुने ड्रायव्हर आणि प्लगइन त्यावर चालत नाहीत.

नागपूरचा उन्हाळा मध्ये कुठून आला?

खरा पेच इथेच आहे. परदेशातल्या कोणत्याही तुलनेत हा मुद्दा सापडत नाही. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांच्या आसपास असतो. ॲपल आपल्या लॅपटॉप आणि मॅक मिनीसाठी भोवतालचे तापमान १० ते ३५ अंश असावे, असे सांगते. दुपारी बंद खोलीत ही मर्यादा सहज ओलांडली जाते. बरे, खोली थंड करायची तर कूलर लावावा लागतो आणि कूलर लावला की त्याची घरघर थेट माइकमध्ये! कूलर बंद केला की दहा मिनिटांत खोली तापते, लॅपटॉपचा पंखा जोरात फिरू लागतो आणि आता तो माइकमध्ये येतो. पंखाच नसलेला मॅकबुक एअर इथे शांत राहतो खरा, पण तापल्यावर तो आपला वेग आपणच कमी करतो. मग पन्नास ट्रॅकचे मिक्स अडखळते.

यावर उपाय यंत्रात कमी आणि वेळापत्रकात जास्त आहे. उन्हाळ्यात गायन आणि वाद्ये पहाटे पाच ते सात या वेळेत, कूलर बंद ठेवून रेकॉर्ड करावीत. काटछाट, सूर जुळवणे अशी कामे दुपारी कूलर लावून, बंद कपांच्या हेडफोनवर होऊ शकतात. अंतिम मिक्स मात्र पुन्हा शांत वेळेसाठी राखून ठेवावे, कारण कूलरच्या आवाजात बारीक तपशील बुडतात आणि माणूस नकळत सगळेच वाढवत जातो. माइक निवडतानाही हेच लक्षात घ्यावे. कंडेन्सर माइक खोलीतला कोपरान् कोपरा ऐकतो. डायनॅमिक माइक तोंडाजवळ धरला तर आजूबाजूचे कमी घेतो. कूलरच्या दमट हवेत कंडेन्सर उघडा ठेवणेही बरे नाही.

विजेचाही विचार हवा. डेस्कटॉप किंवा मॅक मिनी घेतला तर यूपीएस त्याच खर्चात धरावा. वीज गेली की शेवटचा ‘टेक’ गेलाच म्हणून समजा. हेडफोनमध्ये सतत गुणगुण येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून पाहावा. गुणगुण थांबली तर दोष बहुधा चार्जरचा किंवा घरातल्या अर्थिंगचा आहे. अशा वेळी नवा लॅपटॉप शोधण्याऐवजी वायरमनला बोलावलेले स्वस्त पडते.

हातात असलेल्या जुन्या संगणकाचे काय?

विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि अनेक जुने संगणक विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत. इंटेल प्रोसेसरच्या जुन्या मॅकचीही तीच गत आहे. ‘मॅकओएस टाहो’ ही त्यांच्यासाठीची शेवटची आवृत्ती असल्याचे ॲपलने २०२५ मध्ये जाहीर केले. त्यामुळे ‘स्वस्तात मिळतोय’ म्हणून जुना इंटेल मॅक घेणे हा आता सर्वात वाईट सौदा ठरतो.

अशा जुन्या यंत्रांसाठी लिनक्स हा खरा पर्याय आहे. ‘उबुंटू स्टुडिओ’ फुकट मिळते, त्यासोबत ‘आर्डर’ हे रेकॉर्डिंगचे सॉफ्टवेअर येते आणि रीपरचीही लिनक्स आवृत्ती आहे. अडचण एवढीच की सशुल्क प्लगइन बनवणाऱ्या बहुतेक मोठ्या कंपन्या लिनक्सकडे पाहत नाहीत. गायन, हार्मोनियम, तबला रेकॉर्ड करून साधे मिक्स करणाऱ्याला ही अडचण फारशी जाणवणार नाही. तयार वाद्यांच्या मोठमोठ्या लायब्ररींवर गाणे उभारणाऱ्याला मात्र ती पहिल्याच दिवशी जाणवेल.

काम दुसऱ्या स्टुडिओत न्यायचे असेल तर?

घरी रेकॉर्डिंग आणि मिक्सिंगसाठी मुंबई-पुणे, ही वाट अनेकजण धरतात. तेव्हा ‘समोरच्याकडे मॅक आहे, मग माझ्याकडेही हवा’ हा युक्तिवाद होतो. तो टिकत नाही. लॉजिकची फाइल फक्त लॉजिकमध्ये उघडते, एफएल स्टुडिओची फक्त एफएल स्टुडिओमध्ये. दोघांकडे मॅक असून भागत नाही. त्यापेक्षा प्रत्येक ट्रॅक गाण्याच्या शून्य सेकंदापासून वेगळ्या डब्ल्यूएव्ही फाइलमध्ये काढावा, फाइलच्या नावात वाद्य लिहावे आणि सोबत गाण्याची लय व पट्टी कळवावी. हे गाठोडे जगातल्या कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये उघडते. २४ बिट आणि ४८ किलोहर्ट्झचा एक मोनो ट्रॅक मिनिटाला साधारण साडेआठ एमबी जागा घेतो. पाच मिनिटांच्या गाण्याचे ३० ट्रॅक म्हणजे सुमारे १.३ जीबी. पेनड्राइव्हवर सहज मावते.

कोणते सॉफ्टवेअर, आणि ‘क्रॅक’ का नको?

आपल्याकडे संगणक विकत घेतला जातो आणि सॉफ्टवेअर मात्र मित्राच्या पेनड्राइव्हमधून येते. सव्वा लाखाच्या यंत्रावर चोरीचे सॉफ्टवेअर चालवणे हे उलटे गणित आहे. त्यातून व्हायरस येतो, अद्ययावत आवृत्ती मिळत नाही आणि वर्षभरापूर्वीचा प्रकल्प एके दिवशी उघडतच नाही. रीपर साठ दिवस पूर्ण वापरून पाहता येते आणि वैयक्तिक वापराचा परवाना ६० डॉलरचा आहे. एफएल स्टुडिओ एकदा घेतले की पुढच्या आवृत्त्या मोफत मिळतात. मॅकसोबत ‘गॅरेजबँड’ फुकट येते आणि पहिली दहा गाणी करायला ते पुरून उरते. तीच दहा गाणी करताना आपल्याला नेमके काय कमी पडते, हे कळते. त्याआधी केलेली खरेदी जाहिरातीच्या सल्ल्याने झालेली असते.

मग घ्यायचे काय?

घरात चार-पाच वर्षांचा, १६ जीबी रॅमचा, एसएसडी असलेला आणि विंडोज ११ चालणारा संगणक असेल तर काहीच घेऊ नये. पैसे इंटरफेस, हेडफोन आणि माइकवर घालावेत. रॅम ८ जीबी असेल आणि वाढवता येत असेल, तर आधी ती वाढवावी. ही सोय अनेक विंडोज यंत्रांत आहे, ॲपलच्या नव्या मॅकमध्ये नाही.

सगळेच नव्याने घ्यायचे असेल आणि काम एकाच खोलीत होणार असेल, तर लाखभराच्या मॅकबुकपेक्षा मॅक मिनी अधिक शहाणपणाचा. एम४ प्रोसेसर आणि १६ जीबी रॅमचा हा संगणक नोव्हेंबर २०२४ मध्ये भारतात ५९,९०० रुपयांपासून आला. तो जवळपास निःशब्द चालतो. २५६ जीबीची जागा बाहेरच्या एसएसडीने वाढवता येते. पडदा, कीबोर्ड आणि यूपीएसचा खर्च मात्र वेगळा. दिवाळीनंतर झाडीपट्टीच्या नाटकांसोबत वडसा-गडचिरोलीकडे फिरणाऱ्या किंवा ऑर्केस्ट्रात वाजवणाऱ्या कलाकाराची गोष्ट निराळी. त्याला लॅपटॉपच हवा. गावोगावच्या धुळीत आणि धक्क्यांत तो बिघडणार, हे धरूनच घ्यायला हवा. म्हणजे सीताबर्डीत ज्याचे सुटे भाग आणि दुरुस्ती लगेच मिळेल, असा विंडोज लॅपटॉप त्याच्यासाठी अधिक बरा. लॉजिकच शिकायचे असा निर्धार असेल, किंवा ज्यांच्यासोबत रोज बसायचे आहे ते सगळे लॉजिकवर असतील, तरच मॅक अपरिहार्य ठरतो.

हप्त्यांवर यंत्र घेणे हा गुन्हा नाही. पण गाण्यातून पहिला रुपया येण्याआधी घरावर दोन वर्षांचा हप्ता बसला, की पहिल्या अपयशातच गाणे सुटते आणि लॅपटॉप विकायला काढला जातो. घरच्या स्टुडिओचा खरा फायदा भाडे वाचण्याचा नाही, तर चुकत चुकत शिकायला मिळणाऱ्या वेळेचा आहे. तो वेळ हप्त्यात गहाण पडता कामा नये. शेवटी हे गाणे बहुतेक लोक मोबाइलच्या छोट्या स्पीकरवर किंवा मिरवणुकीतल्या भल्यामोठ्या भोंग्यांवर ऐकणार आहेत. दोन्ही ठिकाणी शब्द स्पष्ट ऐकू आले आणि ठेका पकडता आला, तर ते कोणत्या संगणकावर झाले हे कुणीही विचारणार नाही.