पाहुण्याची सतरंजी

एम.ए.च्या प्रवेशासाठी मी औरंगाबादला गेलो, त्या वेळी मुक्कामासाठी एका धर्मशाळेत चौकशी केली होती. व्यवस्थापकांनी आधी गाव विचारले, मग आडनाव. आडनाव ऐकताच वही न उघडताच त्यांनी जागा नसल्याचे सांगितले. रात्री नागसेनवनातील वसतिगृहात गावाकडचा एक विद्यार्थी शोधून काढला. दोघांच्या त्या खोलीत आम्ही सहा जण झोपलो. एक डबा सर्वांनी वाटून खाल्ला आणि मला खिडकीजवळची सतरंजी मिळाली. ती कोणाची होती, हे मला आजतागायत ठाऊक नाही.

पुढे इतिहास शिकवताना ही रात्र वारंवार आठवत राहिली. सप्टेंबर १९१७ मध्ये परदेशातून शिकून आलेले बाबासाहेब बडोद्यास नोकरीसाठी गेले, तेव्हा त्यांना राहण्यास जागा मिळेना. अखेर एका पारशी विश्रामगृहात पारशी नाव नोंदवून, रोज दीड रुपया देऊन ते राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. मित्रांकडेही आसरा मिळाला नाही. मुंबईच्या गाडीची वाट पाहत पाच तास त्यांनी कमाठी बागेत काढले.

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळात संमत झालेला सी. के. बोले यांचा ठराव आपण चवदार तळ्याच्या संदर्भात शिकवतो. त्या ठरावात पाणवठ्यांबरोबर सार्वजनिक धर्मशाळाही होत्या. महाडच्या संग्रामामुळे पाणवठा आपल्या स्मरणात राहिला. धर्मशाळा मात्र आपण, इतिहासाचे शिक्षकसुद्धा, विसरलो. १९५५ च्या अस्पृश्यताविरोधी कायद्यातही धर्मशाळा, सराई आणि मुसाफिरखाना यांचा नावानिशी उल्लेख आहे. तो उगाच आलेला नाही.

विनयपिटकात तर पाहुण्या भिक्षूच्या स्वागताची स्वतंत्र वत्ते आहेत: आसन मांडावे, पाय धुण्यास पाणी ठेवावे, निवासाची जागा दाखवावी. पाहुण्यालाही कर्तव्ये आहेत. त्याने पायताण काढून, झटकून मगच आत यावे. वेरूळच्या लेण्यांतील भिक्षूंच्या खोल्या विद्यार्थ्यांना दाखवताना मी हे आवर्जून सांगतो.

आता आपल्याविषयी. उन्हाळ्यात आणि दिवाळीत आपल्या वसतिगृहाच्या खोल्या कुलूपबंद असतात. त्याच सुमारास आपल्या लिंबागणेश परिसरातील मुले परीक्षांसाठी, पोलीस भरतीसाठी परगावी जातात आणि बसस्थानकाच्या फरशीवर रात्र काढतात. पलीकडच्या तालुक्यांतून बीडला येणाऱ्या मुलांचीही गत निराळी नाही. या स्मरणिकेत नव्या इमारतींची छायाचित्रे असतील, ती असावीतच. परंतु दोन खोल्या प्रवासी विद्यार्थ्यांसाठी, त्यांतील एक मुलींसाठी, बारमाही उघडी ठेवावी, असे माझे आग्रहाचे मत आहे. अधीक्षकांवर भार पडेल, सुरक्षिततेचा प्रश्न येईल, हे आक्षेप खोटे नाहीत. ओळखपत्र अवश्य पाहावे, नोंदही ठेवावी. मात्र त्यावरील आडनाव वाचून, ते कोणतेही असो, पाहणाऱ्याचा चेहरा बदलू नये. कारण उद्या दारात उभा राहणारा मुलगा आपल्याच समाजाचा असेल असे नाही आणि तो आपला नसेल तरी त्याला आधी पाणीच विचारायचे आहे.

ज्या माजी विद्यार्थ्यांची शहरांत घरे झाली आहेत, त्यांनीही आपले पत्ते शाळेच्या वहीत लिहून ठेवावेत. येथील खोल्यांसाठी पहिल्या चार सतरंज्या मी आणून देतो.