आधीं हाताला आधार

वाचकहो, ज्या घरांत पाण्याची आठवण बहुधा टांकी रिकामी झाली म्हणजेच होते, त्या आमच्या पुंडलिकनगरांतील घरीं गेल्या महिन्यांत समुद्रावरून वाद झाला, हें ऐकून आपणांस हंसूं येईल. पण प्रसंग हंसण्यासारखा नव्हता.

कॉलेजांत शिकणारी आमची नात मालवणास गेली होती. तेथें तारकर्लीच्या किनाऱ्यावर पाठीशीं हवेचें नळकांडें बांधून समुद्रतळ पाहण्याची, म्हणजे स्कूबाची, सोय आहे. हिनें तें शिक्षण रीतसर घेतलें असून पायांत घालण्याचे फिनहि तिचे स्वतःचे आहेत. परत आली तेव्हां पिशवींत फिन एकच निघाला. "दोन नेलेस, मग दुसरा कोठें?" असें आईनें विचारतांच सारी हकीकत बाहेर पडली.

पाण्याखालीं सर्व यथास्थित झालें. वर आल्यावर नौकेची शिडी दोन हातांवर राहिली असतां, चढतांना अडचण नको म्हणून हिनें तरंगत तरंगतच दोन्ही फिन काढले. तेवढ्यांत पाण्याला ओढ लागली. हात फिनांत गुंतलेले, पाठीवर ओझें आणि पाय मोकळे. कितीहि पाय मारले तरी शिडी दूरच जाऊं लागली. अखेर तांडेलानें दोर फेंकला. तो धरण्यासाठीं एक फिन सोडून द्यावा लागला.

सूनबाई म्हणाली, "मामंजी, मे २०२२ मध्यें तारकर्लीजवळच बुडी घेऊन परतणाऱ्या पर्यटकांची नौका बुडून दोन जीव गेले, तें आपणच आम्हांला वाचून दाखविलें होतें. आतां पुन्हां समुद्राचें नांव नको, असें आपणच हिला सांगा."

निवाडा माझ्यावर आला. न्याय देणाऱ्यानें आधीं वस्तु समजून घ्यावी, म्हणून उरलेला फिन मीं मांडीवर घेतला, आणि जन्मभर शिकविणारा मी नातीसमोर शिष्य होऊन बसलों.

संस्कृतांत हंसादि पक्ष्यांना जालपाद म्हणतात. ज्यांच्या बोटांमध्यें जाळें आहे ते. आपल्या सलीम अली सरोवरावर बदक पोहतांना पाहावें. पाय मागें रेटतांना पडदा पसरतो, पुढें घेतांना मिटतो. पाणी मागें ढकललें तरच शरीर पुढें जातें; पण माणसाचें पाऊल अरुंद, तें पाण्याला पुरेसें रेटूं शकत नाहीं. ही उणीव मनुष्याला फार दिवसांपासून जाणवत आली आहे. बेंजामिन फ्रँकलिननें बालपणीं चित्रकाराच्या रंगपाटीसारख्या फळ्या हातांत धरून पोहून पाहिलें. वेग वाढला, पण मनगटें दमलीं. पायांना बांधलेल्या फळ्या तर त्याच्या मनास आल्या नाहींत. पुढें लुई द कोर्लिय या फ्रेंच नौदलाच्या अधिकाऱ्यानें १९३३ सालीं फिनाचें पेटंट घेतलें, आणि १९४३ सालीं कुस्तो व गान्यां यांनीं पाण्याखालीं श्वास घेण्याचें यंत्र सिद्ध केल्यावर तर फिन हें बुडी घेणाऱ्याचें आवश्यक अंगच झालें.

याची घडण मोठी विचारपूर्वक केलेली असते. पातें पावलाजवळ ताठ, टोंकाकडे लवचीक. दोन्ही कडांना उंच कणे, म्हणजे पाणी बाजूंनीं न निसटतां मागेंच जातें. पातें फार ताठ असेल तर पोटऱ्यांत गोळे येतात. फार मऊ असेल तर नुसतेंच वांकतें. पाय गुडघ्यांतून न झाडतां कमरेपासून हलवावा, म्हणजे मांडीचे बलवान स्नायू कामास येतात. कांहीं फिन बुटासारखे टांच झांकणारे, तर कांहीं मागें पट्टा असलेले. नातीचे या दुसऱ्या जातीचे.

परंतु जी वस्तु पाण्यांत माणसाला बदकाचें बळ देते, तीच शिडीवर त्याला पांगळें करते. तेव्हां ती केव्हां उतरवावी यांतच सारें शहाणपण आहे. त्याची रीति नातीनें सांगितली ती अशी. आपल्या आधीं चढणारा नौकेंत पोंचेपर्यंत त्याच्या खालीं जाऊं नये; नळकांडें निसटलें तर डोक्यावर यावयाचें. डोळ्यांवरील मुखवटा व तोंडांतील श्वासनळी तोंवर काढूं नये. मग एका हातानें शिडी घट्ट धरावी, आणि ती धरल्यावरच दुसऱ्या हातानें एक एक फिन काढून वर द्यावा किंवा त्याचा पट्टा मनगटांत अडकवावा. कांहीं नौकांची शिडी माशाच्या कांट्यासारखी, मध्यें एकच दांडा असलेली असते. तिच्यावर फिनांसह चढतां येतें. शिडीच नसलेल्या लहान रबरी होडींत मात्र आधीं वजनें व नळकांडें वर द्यावींत, फिन पायांतच ठेवून जोरानें पाय मारावेत आणि अंग वर ओढून घ्यावें. फिन काढावयाचे ते होडींत बसल्यावर. नौकेवर फिन घालून हिंडूं नये. उडी घेण्याच्या वेळींच ते बसून चढवावेत.

"हें सर्व तुला ठाऊक होतें?" मीं विचारलें.

"होतें, आजोबा. पण त्या वेळीं शिडी अगदीं जवळ दिसत होती."

वाचकहो, मला या उत्तरांतच सारें मर्म दिसलें. दूरच्या संकटांत माणूस सावध असतो. घात होतो तो पैलतीर दोन हातांवर आल्यावर. नोकरी लागण्याच्या नुसत्या आशेवर शिकवण्या सोडणारे कितीतरी विद्यार्थी मीं पाहिले आहेत. नवा आधार हातीं येण्यापूर्वीं जुनें साधन टाकूं नये, हा नियम समुद्रापुरता नाहीं.

निवाडा मीं असा दिला. चूक समुद्राची नव्हे, क्रमाची झाली. तेव्हां समुद्र बंद करूं नये, क्रम पक्का करावा. सूनबाईचें भय खोटें नव्हे, म्हणून परीक्षा तिनेंच घ्यावी. त्याप्रमाणें हल्लीं रोज संध्याकाळीं आमच्या माळ्याची शिडी ही नौकेची शिडी होते. नात पाठीवर दप्तर बांधून खालीं उभी राहते, आई वर तांडेल होऊन बसते. काल हात शिडीला लागण्यापूर्वीं नात फिनाच्या पट्ट्याकडे वांकली, तोंच वरून आवाज आला, "थांब! आधीं हात!"

दुसरा फिन आणण्यास पैसे मात्र सूनबाईनेंच दिले.